गावाची उतरंड
लहान किती, थोर किती, बाया किती, बाप्ये किती : नवरा-बायकोने मिळून वाचावयाचा धडा



तुमच्या गावची लोकसंख्या किती, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन आकडा सांगाल. दोन हजार, अडीच हजार, फार तर चार हजार. पण त्यात पाळण्यातली लेकरे किती, शाळेत जाणारी किती, नांगर धरणारे हात किती, काठी टेकत पारावर येणारे किती, असे विचारले तर? आणि त्या प्रत्येकात बाया किती, बाप्ये किती? इथे मात्र शहाणीसुरती माणसेही डोके खाजवतात. गावाचे खरे दुखणे-खुपणे नेमके याच हिशोबात लपलेले असते. नुसता एकूण आकडा म्हणजे धान्याचे पोते न उघडता वजन सांगण्यासारखे आहे. आत ज्वारी किती आणि खडे किती, ते पोते उघडल्याशिवाय कळत नाही.

तर आज आपण पोते उघडू.

उतरंड कशी रचावी

जुन्या घरात माजघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. सर्वांत खाली मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, आणि टोकाला गाडगे. लोकसंख्येचा अभ्यास करणारे लोक कागदावर अशीच एक आकृती काढतात. तिला ते लोकसंख्येचा मनोरा म्हणतात. आपण उतरंडच म्हणू.

एकेक मडके म्हणजे पाच-पाच वर्षे. तळाच्या मडक्यात जन्मलेल्या तान्ह्यापासून पाचवे पुरे न झालेली लेकरे. त्यावर पाच ते नऊ. त्यावर दहा ते चौदा. असे करीत करीत ऐंशीच्या वर गेलेले आजी-आजोबा टोकाच्या गाडग्यात. प्रत्येक मडक्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. रेघेच्या डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. ज्या बाजूला माणसे जास्त ती बाजू रुंद, कमी ती अरुंद.

एवढेच. पण ही आकृती समोर ठेवली की शंभर वर्षांचा इतिहास उलगडतो आणि पुढल्या वीस वर्षांत गावात काय होणार तेही पुष्कळसे कळते. कारण साधे आहे. आज तळाच्या मडक्यात असलेले पोर पाच वर्षांनी वरच्या मडक्यात जाणार, दहा वर्षांनी त्याच्या वरच्या. ते मागे फिरत नाही. आणि जे पोर तळाच्या मडक्यात नव्हतेच, ते पुढे कोणत्याच मडक्यात सापडणार नाही.

रचताना एक अडचण हमखास येते. वय विचारले की आपल्याकडची वडीलधारी माणसे 'असंल की साठ' म्हणून मोकळी होतात. एकोणसाठ किंवा एकसष्ट कोणी सांगत नाही. म्हणून जनगणनेच्या कागदांवर चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, साठ असल्या वयांवर माणसांची उगाच गर्दी दिसते. यावर जनगणनेवाल्यांचा जुना तोडगा आहे : वय विचारू नका, आठवण विचारा. आपल्या भागात तर आठवणींना तोटा नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार, १९४८ ची जाळपोळ, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. 'भूकंपात मी पाळण्यात हुते' असे आजी म्हणाली की तिचे जन्मसाल एक-दोन वर्षांच्या फरकाने हाती लागते.

जुनी उतरंड आणि नवी

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची उतरंड तळाशी फार रुंद असे आणि वर झपाट्याने निमुळती होई. घरात सहा-सात पोरे जन्मत, पण सगळी जगत नसत. देवी, गोवर, धनुर्वात, हगवण यांनी दर मडक्यातून माणसे उचलली जात. त्याच्याही आधी, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने असा घाला घातला की १९११ ते १९२१ या दहा वर्षांत साऱ्या देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. त्या साथीने तरणीताठी माणसे जास्त नेली. त्यामुळे उतरंडीच्या मधल्याच मडक्यांना टवके उडाले, आणि ती पिढी म्हातारी होईपर्यंत ते टवके तिच्याबरोबर एकेक मडके वर चढत गेले.

पुढे लस आली, दवाखाना जवळ आला, बाळंतपण सुईणीच्या विळ्यावरून नर्सबाईंच्या हाती गेले. मुले जगू लागली. १९५२ साली आपल्या देशाने सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा असे करणारा हा जगातला पहिला देश होता. त्याआधी तीस वर्षे, १९२१ साली, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. १९७६ साली तर आपल्या राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते बारगळले. बरेच झाले. माणसे सक्तीने ऐकत नाहीत, हिशोब पटला की ऐकतात. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नावच बदलून कुटुंबकल्याण झाले.

आज महाराष्ट्रात एका बाईला आयुष्यात होणारी मुले सरासरी दोनाहून कमी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा १.७ निघाला. म्हणजे उतरंडीचा तळ आता रुंद राहिला नाही, उलट आत ओढला जातो आहे. पोट मधल्या मडक्यांचे सुटले आहे. वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांचा पट का घसरला, याचे एक उत्तर इथे आहे. दुसरे उत्तर गाव सोडून गेलेल्या घरांत आहे.

आता कोणी म्हणेल, 'अहो, दोनच पोरं होत्यात, मग माणसं वाढत्यात कशी?' प्रश्न बरोबर आहे. असे पाहा. एका गल्लीत समजा पूर्वी प्रत्येकी सहा मुलांची दहा घरे होती. ती साठ मुले मोठी झाली, त्यांची तीस जोडपी झाली. तीस जोडप्यांनी दोन-दोनच मुले होऊ दिली तरी पुन्हा साठ पोरे जन्मली. आजी-आजोबा मात्र फक्त वीस. वरून वीस जाणार, खालून साठ येणार. उतरंड वरपर्यंत सारखी भरेस्तोवर हे चालायचेच. बैलगाडी उतारावर असली की बैल थांबवले तरी चाक चार पावले पुढे जाते, तसे आहे हे.

टोकाची मडकीही आता जड होत आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातले जवळजवळ दहाजण साठीच्या पुढचे होते. त्या वरच्या मडक्यांत उजवी बाजू, म्हणजे बायकांची बाजू, सहसा रुंद असते. बाया जरा जास्त जगतात, आणि लग्नात नवरा वयाने मोठा असतो. म्हणून गावात विधुरांपेक्षा विधवा जास्त दिसतात. घरातल्या म्हातारीच्या नावावर काय आहे, काही आहे की नाही, याचा विचार दोघांनी आत्ताच करून ठेवावा.

डावी बाजू मुंबईला गेली

साताऱ्याच्या उतरंडीची एक खूण साऱ्या राज्यात वेगळी होती. वीस ते चाळीस या मडक्यांची डावी बाजू खाल्लेली. बाप्ये कुठे गेले? मुंबईच्या गिरणीत गेले, गोदीत गेले, माथाडी झाले, पलटणीत भरती झाले. अपशिंग्यासारख्या गावाला तर 'मिलिटरी' हेच नाव चिकटले. गावात राहिल्या बाया, पोरे आणि म्हातारे, आणि महिन्याकाठी येणारी मनिऑर्डर. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेतसुद्धा सातारा जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०२९ स्त्रिया होत्या. तोच प्रकार रत्नागिरीत. तिथे २०११ सालीही हजारामागे १,१२२ स्त्रिया होत्या. आणि त्याच वर्षी मुंबई शहरात? हजारामागे ८३२. एका गावचा खड्डा तो दुसऱ्या गावचा उंचवटा.

सांगलीकडची तऱ्हा निराळी. खानापूर-आटपाडी भागातली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली, पण पुष्कळजण बायकापोरांसह गेले. कृष्णाकाठच्या वाळवा-मिरज पट्ट्यात पाणी आल्यावर घर सोडायची गरज कमी झाली.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच बसल्या. काही माणसे परतली. काहींनी बायकापोरांना मुंबई-पुण्याला नेले. साताऱ्याचा आकडा २००१ साली ९९५ वर आला, २०११ साली ९८८ वर. वरवर पाहणारा म्हणेल, नवरा-बायको एकत्र राहू लागले, चांगलेच झाले की. काही अंशी खरे आहे. पण आकडा घसरायला आणखी एक कारण होते, आणि ते तळाच्या मडक्यात होते.

तळाच्या मडक्याची उजवी बाजू

इथे जरा थांबून वाचा. नवऱ्याने एकट्याने वाचले असेल तर बायकोला हाक मारा.

निसर्गात मुलगे आणि मुली अगदी बरोबरीने जन्मत नाहीत. शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे साडेनऊशे मुली. हे जगात जवळपास सगळीकडे असेच आहे. त्यामुळे सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांत हजारामागे साडेनऊशेच्या आसपास मुली दिसल्या तर काळजीचे कारण नाही.

आता आपले आकडे पाहा. १९९१ साली साताऱ्यात ९४१, सांगलीत ९२४. दहा वर्षांनी, २००१ साली, साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१. शेजारच्या कोल्हापुरात ८३९. २०११ साली थोडी सुधारणा झाली : सातारा ८९५, सांगली ८६७. पण साडेनऊशे अजून दूरच.

८५१ म्हणजे काय? शंभर मुलग्यांमागे जिथे पंचाण्णव मुली असायला हव्या होत्या तिथे पंच्याऐंशी. दहा मुली कमी. त्या दुष्काळात गेल्या नाहीत, साथीत गेल्या नाहीत. सोनोग्राफीच्या यंत्रावर पाहून त्यांना पोटातच काढून टाकले. आणि हे जास्त झाले कुठे? कोरडवाहू, अडाणी म्हणून ज्यांना नावे ठेवतात त्या मुलुखांपेक्षा उसाच्या, द्राक्षाच्या, साखर कारखान्याच्या पट्ट्यात. ज्याच्या खिशात पैसे आणि दाराशी गाडी, त्याला यंत्र जवळ पडले. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावाजवळ ओढ्याकाठी पुरलेल्या १९ स्त्री-भ्रूणांच्या पिशव्या सापडल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. परंतु आकडे ही गोष्ट सोळा वर्षे आधीपासून सांगत होते.

असे का झाले, याचाही हिशोब आहे. आजोबांच्या काळी घरात सहा मुले. सहाच्या सहा मुलीच व्हाव्यात असे चौसष्ट घरांत एखाद्याच घरी घडणार. म्हणजे मुलगा हवा असला तरी वाट पाहिली की तो यायचा. आज दोनच मुले. दोन्ही मुलीच व्हाव्यात असे चार घरांत एका घरी आपोआप घडते. त्यात कोणाचे पाप नाही, देवाचा कोप नाही, ही निव्वळ नाण्याची छापकाट आहे. दर चौथ्या दारी 'वंशाला दिवा नाही' असे म्हणायची वेळ येणार हे लहान कुटुंबात ठरलेलेच असते. कुटुंब लहान झाले, पण मुलाचा हट्ट तेवढाच राहिला. त्या दोन्हींच्या कात्रीत उजवी बाजू कापली गेली. दोन मुलींवर समाधान मानणारी जोडपी गावात मान ताठ ठेवून राहू शकली, तरच लहान कुटुंब खऱ्या अर्थाने सुखी होते. सुनेला टोचून बोलणारी सासू आणि गप्प बसणारा नवरा, दोघांनीही हे लक्षात घ्यावे.

नवऱ्यासाठी आणखी एक गोष्ट. मुलगा की मुलगी, हे बाईच्या हाती नाही. बाईच्या बीजात एकाच जातीचे सूत्र असते, पुरुषाच्या बीजात दोन जातींची. त्यातले कोणते जुळले यावर ठरते. ज्याने पेरले त्याने 'जमीनच वाईट' म्हणू नये.

मुलगी नको असली की ते नावातही उतरे. दोन-तीन मुलींनंतर आणखी एक झाली की तिचे नावच ठेवीत 'नकोशी', 'नकुसा'. शाळेच्या हजेरीत रोज हेच नाव पुकारले जायचे. पोरीने 'हजर' म्हणायचे. सातारा जिल्हा परिषदेने अशा मुली शोधल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींची नावे समारंभाने बदलली. कागदोपत्री बदलली, दाखल्यावर बदलली. तुमच्या भावकीत अशा नावाची पोर अजून असेल तर ग्रामसेवकाला आणि शाळेच्या गुरुजींना भेटा.

आता वरच्या मडक्याकडे या. २००१ साली जी लेकरे सहा वर्षांच्या आतली होती ती आज पंचविशी-तिशीत आहेत. म्हणजे लग्नाला उभी आहेत. तळाशी जी उजवी बाजू अरुंद होती, तीच आता लग्नाच्या मडक्यात येऊन पोचली. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, दूरदूरच्या मुलखातून सून आणावी लागते, मध्यस्थ पैसे खाऊन पसार होतो, अशा गोष्टी पारावर रोज निघतात. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात तर लग्नाळू तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. हसण्यासारखे त्यात काय होते, कोण जाणे. मुलींच्या अपेक्षा वाढल्या, नोकरीवाला हवा, हे खरेच आहे. तेही एक कारण. पण दहातली एक मुलगी जन्मलीच नाही, हे त्याहून आधीचे कारण आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्रानेच केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तपासणी करणारा गुन्हेगार आहेच, करवून घेणाऱ्या नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. बाईवर घरच्यांनी दबाव आणला असेच न्यायालय धरून चालते, त्यामुळे 'तिनंच हट्ट धरला' ही सबब चालत नाही. मात्र दोन गैरसमज नकोत. बाळाची वाढ पाहण्यासाठी डॉक्टर सोनोग्राफी सांगतात, ती जरूर करावी. आणि गर्भपात हा १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी मान्य आहे. साधन फसले हेही त्यातले एक कारण. त्यासाठी चोरून कोणा भोंदूकडे जाऊन बाईचा जीव धोक्यात घालू नका, सरकारी रुग्णालयात या.

आणि 'म्हातारपणी बघणार कोण' याचे उत्तर कायद्यात तरी बदलले आहे. हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. आईबापांना सांभाळण्याची जबाबदारीही २००७ च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांवर आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबात 'लेक लाडकी' योजनेखाली टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. अंगणवाडी ताईंना विचारा.

पहिला पाळणा आणि पिढ्यांचे अंतर

मुले किती, यासारखाच कधी हाही प्रश्न उतरंडीला लागू आहे. ज्या घरात पोरी अठराव्या वर्षी आई होतात, तिथे शंभर वर्षांत पाच पिढ्या बसून वर दहा वर्षे उरतात. पंचविसाव्या वर्षी आई होणाऱ्या घरात चारच पिढ्या. मुले दोन्हीकडे दोन-दोनच, तरी एकाच वेळी जगणाऱ्या तोंडांची संख्या वेगळी. हेच ओळखून सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली एक योजना आणली होती. लग्नानंतर दोन वर्षे पहिले मूल लांबवणाऱ्या जोडप्याला पाच हजार रुपये, तीन वर्षे लांबवणाऱ्याला साडेसात हजार. वर्तमानपत्रांनी तिला 'हनिमून पॅकेज' म्हणून देशभर गाजवले. गंमत सोडा, बाईच्या अंगाला त्यात खरी विश्रांती होती.

पाळणा लांबवायला साधने पुष्कळ आहेत आणि सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निरोध, रोजच्या गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन, आणि तांबी. एका जातीची तांबी पाच वर्षे चालते, दुसरी दहा. नको तेव्हा काढता येते. तांबी पोटात फिरते, काळजाला जाते, असे सांगणारी एखादी बाई प्रत्येक गावात असते. तांबी गर्भाशयात बसते, तिथून काळजाला जायला वाटच नाही. बसवल्यानंतर सुरुवातीला पाळी थोडी जास्त जाऊ शकते. फार त्रास वाटला तर आरोग्य सेविकेला दाखवा.

पाळणा थांबवायचे मात्र आपल्याकडे बायकांच्याच अंगावर टाकलेले आहे. राज्यात सुमारे निम्म्या विवाहित बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे, आणि पुरुषांचे प्रमाण शेकडा एकही भरत नाही. खरे तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी दोन्हींत सोपी. पोट उघडावे लागत नाही, थोड्याच वेळात होते, त्याच दिवशी माणूस चालत घरी जातो. दोन दिवस विसावा घ्यावा, आठवडाभर जड ओझे उचलू नये. ताकद जात नाही, पुरुषपण जात नाही, वीर्य येते, फक्त त्यात बीज नसते. एक काळजी घ्यायची : शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरायचा, कारण नळीत आधीचे बीज शिल्लक असते. तीन महिन्यांनी दवाखान्यात वीर्य तपासून घ्यायचे आणि ते निर्बीज असल्याचा दाखला मिळाल्यावरच निरोध सोडायचा. हे तीन महिने न पाळल्यामुळे बायकोला दिवस जातात आणि मग बिचारीवर नाही तो संशय घेतला जातो.

आपल्या गल्लीची उतरंड रचायची असेल तर चुलीतला कोळसा आणि मागचा कोरा कागद पुरे. दहा-पंधरा घरे घ्या. लहान लेकरांची नोंद अंगणवाडीच्या वहीत सापडेल, शाळकरी पोरांची हजेरीपटात. तळाच्या दोन मडक्यांची उजवी बाजू आधी भरा. गल्ली एवढीशी, त्यामुळे एखाद्या मुलीचा फरक योगायोगानेही पडतो. म्हणून जमल्यास साऱ्या गावाची करा आणि पुढल्या महिन्यात उपकेंद्रावर लसीकरणाचा दिवस असेल तेव्हा कागद घेऊन या. आरोग्य सेविकेजवळ शेजारच्या गावांचेही आकडे असतात, ताडून पाहता येईल.